देवराव सरांची अंघोळ

देवराव सर रोज सकाळी आमच्या दूध संस्थेच्या छतावर अंघोळ करतात. तीही सौर पॅनलच्या वरच्या कडेला पाट मांडून. एक तांब्या अंगावर घेतात, पाणी उतारानं काचेवर ओघळतं. मग पाट सरकवून पुढचा तांब्या. साबण नाही. "साबणानं काचेवर साय धरते," म्हणतात.

सर भौतिकशास्त्रातले डॉक्टर. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत जन्मभर त्यांनी एकच विषय धरला, सौर पॅनलवर बसणारी धूळ. गाव म्हणतं, "पुण्याला जाऊन काचाच पुसल्या व्हय!" बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही, निवृत्त होऊन ते तेलगावजवळच्या आपल्या गावी परतले. विजेचा भरवसा नाही म्हणून चेअरमनच्या मागे लागून दूध गार करायच्या मशीनला पॅनल बसवून घेतले. बोलण्यातही धूळच. चेअरमन आश्वासन विसरले की "धूळ बसली!" मी सेक्रेटरी, माझी बेरीज चुकली की "डोक्यावरची धूळ झटक बे!"

मग पावसानं पाठ फिरवली. ऊस वाळला, टँकरचं पाणी घरटी दोन घागरींवर आलं. बायकांच्या हाती दुधाचाच काय तो आधार उरला. नेमकी तेव्हाच काचांवर धूळ चढली, मशीन दमायला लागलं, दूध नासायला लागलं. सरांनी बैठकीत काचा धुवायला पाणी मागितलं. चेअरमन उसळले, "माणसं तहानलीत अन् तुमाला काचा धुवायच्यात?" त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सर आपल्या वाटणीच्या अंघोळीची बादली घेऊन छतावर. काच तापायच्या आत पाणी मारायचं असतं, म्हणजे ऐन दूध घालायच्या वेळी. खाली बायकांची रांग, वर चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत पीएचडी. चेअरमन काकुळतीला आले, "सर, बायामाणसं येतेत हो."

"त्यांनी वर कावून बघावं?"

दूध मात्र नासायचं थांबलं.

भर वैशाखात सर अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही. तेव्हा कळलं, प्यायचं पाणीही काचांवर जात होतं. मला संताप आला. "ही कसली हौस, सर? मेला असता की!"

सर आढ्याकडं बघत म्हणाले, "जन्मभर धूळ मोजली. माझ्या कामाची वाट बघणारं कुणी न्हवतं. हितं रोज कुणीतरी इचारतं, सर, दूध गार हाय का?" मग हळूच म्हणाले, "आज इचारलं का कुणी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"काचा बायकांनीच धुतल्या, घरटी एक तांब्या काढून. पण दुधाचं कुणीच न्हाई इचारलं, सर. समद्या तुमचंच इचारत हुत्या."

सरांनी चादर तोंडावर ओढून घेतली. आत रडत होते.