जाड तांब्याचा आवाज

तार आठ गेजची होती की दहा, हे शरच्चंद्रांना आता खात्रीनं सांगता येत नाही. (फिजिक्समध्ये पीएचडी, चष्मा नाकावर असताना तो घरभर शोधणारे.) जाड होती, भरीव तांब्याची होती आणि कुपवाडच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणली होती, एवढं मात्र खरं.

निमित्त पत्नी उमाबाईंच्या थोरल्या भावाचं. रिटायर्ड सुभेदार भाऊसो म्हसवडहून यायचे होते. ते सीमेवर असताना आईनं पत्राऐवजी कॅसेट भरून धाडली होती. उमाबाईंनी ती मोबाइलवर उतरवून घेतली होती. भाऊसोंना ऐकू कमी यायचं आणि सांगलीच्या घरातले स्पीकर जुन्या वायरींमुळं खरखरायचे. "आईचा शब्द न् शब्द एकदा ऐकू दे," एवढंच भाऊसो फोनवर म्हणाले आणि शरच्चंद्रांनी केबल घरीच करायची ठरवली.

"अहो, बाजारात तयार मिळते."

"त्यात तांबं कमी असतं, उमा."

तार वाकेना. गुडघ्यावर धरून वाकवली तर गुडघा तेवढा दुखावला. सोल्डरही धरेना, गोळ्या होऊन घरंगळे, सोलापुरी चादरीला सहा भोकं पडली. शेवटी प्लगात तार ठोकून बसवली, स्क्रू आवळले. एक टोक अँप्लिफायरला लावलं, तर दुसऱ्या टोकाचा स्पीकर आपोआप फिरून भिंतीकडं तोंड करून बसला.

भाऊसो आले, खुर्चीत ताठ बसले. शरच्चंद्रांनी बटण दाबलं.

"चालू केलं काय? मला काय ऐकू येत न्हाई," भाऊसो कानाशी हात नेत म्हणाले.

"मलाही नाही," शरच्चंद्र म्हणाले. (आता आपलेही कान गेले, ही नवीन धास्ती.)

त्यांनी पुन्हा स्क्रू आवळले. पुन्हा शुकशुकाट.

"दाजी, ऱ्हाऊ द्या वो. साडेचारची यष्टी हाय माजी."

"तुम्ही आधी तोंड धुऊन या," उमाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "घामानं निथळताय. मी बघते."

शरच्चंद्र बेसिनशी वाकले होते तोच बाहेरून खणखणीत आवाज आला, "बाळा, तुजं पत्तर पोचलं. म्हस व्याली. थंडीत कान बांदत जा रं."

ते ओल्या तोंडानं धावले. भाऊसोंनी नकळत गळ्यातलं उपरणं कानांवर ओढलं होतं. मग ऐकू येईना म्हणून घाईनं खाली घेतलं. कॅसेट तीनदा वाजली. यष्टी चुकली.

"दाजी, आय हितं म्होरं बसल्यागत वाटलं."

"स्क्रू जरा ढिला होता," शरच्चंद्र नम्रपणे म्हणाले. उमाबाई पडदा सारखा करत होत्या.

त्या हुरुपात त्यांनी कॉलनीतल्या चार घरांना तशाच केबल करून दिल्या. चौघांनीही आवाजाचं कौतुक केलं.

चार वर्षांनी कपाट हलवताना मागं पडलेल्या त्या केबलला त्यांनी सहज मीटर लावून पाहिला. काटा हलेना. सेल बदलला, तरी हलेना. मग भिंगातून पाहिलं: वाइंडिंगच्या तारेवरचं वीज अडवणारं वार्निश दोन्ही टोकांना जसंच्या तसं. खरवडायचंच राहिलेलं. त्या तारेतून कधी वीज गेलीच नव्हती.

"स्वयंपाकघरातला ब्लूटूथ स्पीकर पडद्यामागं ठेवला होता मी," मेथी निवडत उमाबाई म्हणाल्या. "भाऊला उशीर होत होता. आणि तुमचं तोंड बघवत नव्हतं."

शरच्चंद्र चार घरी माफी मागायला गेले. दोघांकडं त्या तारेवर कपडे वाळत होते. तिसऱ्याकडं तिच्यावर दोडक्याचा वेल चढला होता. चौथ्यानं त्यांना हाताला धरून परसात नेलं आणि म्हणाला, "सर, तार एक नंबर. चार पावसाळे झाले, अजून काळी पडली नाही."