मेढेकर बाईंकडे गेलेलं वजन

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माझं सव्वादोन किलो वजन कमी झालं आणि ते समोरच्या फ्लॅटमधल्या मेढेकर बाईंकडे गेलं.

रविवारी सकाळी मी काट्यावर उभा राहिलो तेव्हा आकडा एकोणनव्वद किलो दीडशे ग्रॅम होता. मला आनंद झाला. संध्याकाळी बेल वाजली. दारात बाई उभ्या होत्या, चपला कडेला काढलेल्या, पदर खांद्यावर नीट घेतलेला.

"शिराळकर, तुमचं सव्वादोन किलो आमच्याकडे आलंय," त्या म्हणाल्या. "महिनाभर थोडंथोडं येत होतं. आधी वाटलं माझंच असेल. पण माझं एवढं कधी नसतं. म्हटलं, चौकशी करावी."

"तुम्हाला कसं कळलं माझं आहे ते?"

"जिना चढताना कळतं हो. डाव्या गुडघ्यावर येतं. तुम्हीच तर डावीकडे झुकून चढता."

दारात उभं राहून घेणंदेणं करू नये म्हणून मी त्यांना आत बोलावलं. उंबऱ्याच्या आत येऊन त्या "हे तुमचं" म्हणाल्या, चहा अर्धा कप घेतला आणि गेल्या. मी काट्यावर उभा राहिलो. एक्क्याण्णव किलो साडेपाचशे ग्रॅम. वजन जायच्या आधीपेक्षा दीडशे ग्रॅम जास्त.

दुसऱ्या दिवशी मी हे त्यांच्या कानावर घातलं, तर बाईंना माझंच नवल वाटलं. "अहो, परत करताना रिकामं कसं द्यायचं? थोडं घरचं घातलं."

मी मोजणी खात्यात आहे. दुसऱ्याच्या हद्दीत वीतभर सरकलेला बांध मी लांबून ओळखतो. पण माझं वजन माझी हद्द ओलांडून गेलं कसं आणि परत येताना वाढलं कसं, याचा नकाशा काही केल्या माझ्या डोक्यात बसेना.

एरवी मी हसून सोडूनही दिलं असतं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पोट दिसायला बरं दिसावं एवढ्यासाठी कोणी पहाटे उठत नाही. मी उठत होतो ते अण्णासाठी. अण्णा माझा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा तो अकरावीत होता, मी चौथीत. त्यानं शाळा सोडली, हळदीच्या पेढीवर उभा राहिला आणि मला शिकवलं. आता त्याच्या दोन्ही किडन्या थकल्या आहेत आणि आठवड्यातून दोनदा त्याला मिरजेला नेऊन रक्त धुऊन आणावं लागतं. माझी किडनी त्याला जुळली. सगळे कागद झाले. फक्त डॉक्टर म्हणाले, "शिराळकर, तुमचं वजन चौऱ्याऐंशीच्या आत हवं. जूनच्या पहिल्या मंगळवारी या. त्या दिवशी काटा वर गेला तर तुमचं नाव मला घेता येणार नाही." दुसरं नाव नव्हतंच.

म्हणून मी रंगराव वस्तादांकडे जायला लागलो. पूर्वी तिथं तालीम होती. आता हौदावर फरशी टाकून तिच्यावर जागच्या जागी चालायची यंत्रं मांडली आहेत. वस्ताद पासष्टीचे, कान मोडलेले, आणि प्रोटीन पावडरीचा डबा ते नारळ फोडून मगच उघडतात. त्यांचा आग्रह दिवसाला तीन मापट्यांचा. हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र सकाळी एकच लिहून दिलं होतं. मी एकच घेत होतो. त्याला चॉकलेटचा वास आणि खडूची चव होती. भात बंद, साखर बंद, भडंग बंद. सांगलीत राहून भडंग बंद म्हणजे काय ते सांगलीकरालाच कळेल.

पुढचे तीन रविवार तसेच गेले. मी आठवडाभर घाम गाळायचो, सातआठशे ग्रॅम बाईंकडे जायचं, संध्याकाळी बेल वाजायची, आणि परतीत दीडशे ग्रॅम घरचे. मार्चच्या सुरुवातीला मी पुरता ब्याण्णव किलो झालो.

मी वस्तादांना विचारलं. ते दोरी गुंडाळत होते.

"आवो सायेब, वजान म्हंजे काय कापूर हाय व्हय, जळून जायाला? घामानं सुटतंय आन् जागा गावंल तिकडं जातंय. तुमच्या त्या बाई किती किलोच्या?"

"त्रेचाळीस."

"मग तिकडंच जानार की! मोकळं घर दिसल्यावर कोन बाहीर ऱ्हाईल?"

"पण मग ते तिथं राहत का नाही?"

"त्यो तुमचा नि बाईंचा मामला. माझं काम सोडवायचं," वस्ताद म्हणाले आणि दोरी खुंटीला लावली.

शेवटी मनाचा हिय्या करून मी बाईंना म्हणालो, "बाई, ठेवून घ्या की. तुम्हालाही थोडं हवंच आहे." अण्णाचंही सांगितलं. बाईंचे डोळे भरले. पण मान नकारार्थीच हलली.

"तेहेतीस वर्षं ग्रंथपाल होते मी. लोकांनी ठेवून घेतलेली पुस्तकं मागत दारोदार फिरले. मी कुणाचं ठेवून घेऊ? आणि उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर दुसऱ्याचं वजन अंगावर घेऊन वर जाऊ का? भावासाठी मी रोज प्रार्थना करीन. पण हे तुमचं आहे, तुम्हीच सांभाळा."

इतका प्रामाणिकपणा समोर राहायला आला तर माणसानं करायचं काय? राग येत होता आणि राग कुणावर काढावा हेही कळत नव्हतं.

मी सोसायटीचे सेक्रेटरी भोकरे यांच्याकडे लेखी अर्ज दिला. भोकरे कोणताही अर्ज दोनदा वाचतात, एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून.

"यात तक्रार कुठं आहे?" ते म्हणाले. "तुमची वस्तू हरवली. बाईंना सापडली. त्यांनी परत केली. वर घरचं घातलं."

"मला ती परत नकोय."

"मग तुम्ही टाकली असं लिहून द्या. पण जिन्यात, गच्चीत किंवा दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये वैयक्तिक सामान टाकायला मनाई आहे. दंड तुम्हालाच बसेल."

मी अर्ज मागे घेतला. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'फ्लॅट क्र. ९ मधील श्रीमती मेढेकर यांनी शेजाऱ्याचे वजन चार वेळा प्रामाणिकपणे परत केल्याबद्दल त्यांचे हार्दिक अभिनंदन. सर्व सभासदांनी आदर्श घ्यावा.' खाली माझं नाव नव्हतं, पण जिन्यात भेटणारा प्रत्येक जण माझ्या पोटाकडे बघून "नशीबवान आहात" म्हणायचा.

मार्चच्या मध्याला बाईंच्या भाचीला कोल्हापुरात जुळं झालं आणि बाई बाळंतपणाला तिकडे गेल्या. वजन त्यांच्या मागोमाग गेलं. पत्ता कसा सापडला, मी विचारलं नाही. एसटीनं जातं की आणखी कशानं, हेही विचारलं नाही. विचारायची माझी उमेदच गेली होती. एवढं खरं, की रविवार संध्याकाळची बेल थांबली आणि काटा खाली यायला लागला.

बेलऐवजी आता फोन यायचा. "शिराळकर, शनिवारी साडेसातशे ग्रॅम आलं हो. नीट ठेवलंय. आले की सगळं एकदम देते, काळजी करू नका."

मी काळजीच करत होतो. एप्रिल गेला, मे गेला. सांगलीच्या उन्हात मी आमराईला फेऱ्या मारल्या, वस्तादांकडे बैठका काढल्या, भिजवलेले मूग खाल्ले, खडू प्यायलो. पट्ट्याला नवी भोकं नको म्हणून नीलिमानं, म्हणजे बायकोनं, दोनदा पट्टाच बदलला. जूनच्या पहिल्या शनिवारी मी त्र्याऐंशी किलो आठशे ग्रॅम होतो. चौऱ्याऐंशीच्या आत. मी न्हाणीघरात जाऊन एकटाच रडलो.

बाहेर आलो तर फोन वाजत होता. "शिराळकर, उद्या येतेय. आठ किलो दोनशे आहे तुमचं. आणि इतके दिवस ठेवलं म्हणून माझं सव्वा किलो घालतेय, नाही म्हणू नका."

मंगळवार तीन दिवसांवर होता. मी खुर्चीत बसलो. आपण दार उघडायचंच नाही, असं मी नीलिमाला म्हणालो. दोन दिवस घरात नाही असं दाखवू. दिवे लावायचे नाहीत, कुकर लावायचा नाही.

नीलिमा मूग निवडत होती. ती बँकेत आहे, थोडं बोलते. "आणि बुधवारी त्या दारात बसून राहतील, ते?" ती म्हणाली. "अहो, तुम्ही रीतच चुकताय. तुम्ही नुसतं सोडून देताय आणि त्यांनी उचलून ठेवावं म्हणताय. सोडलेलं कोण ठेवून घेईल? तुम्ही त्यांना दिलंय कुठं?"

"देणं आणि सोडणं यात काय फरक? काट्याला सारखंच."

"काट्याला असेल," ती म्हणाली आणि मूग घेऊन आत गेली. मला काहीही कळलं नव्हतं.

रविवारी साडेपाचला जिन्यात पावलं वाजली. जड, डावीकडे झुकणारी, माझीच पावलं. प्रत्येक वळणावर थांबून दम खात होती. बेल वाजली. नीलिमानं दार उघडलं आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत पाट मांडला.

"काकू, आधी बसा."

"बसते गं, पण आधी यांचं–"

"काही बोलू नका. बसा."

बाई पाटावर बसल्या. चेहरा गोल झाला होता, हात भरले होते. खोटं कशाला सांगू, छान दिसत होत्या. नीलिमा आतून ताट घेऊन आली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि हिरवा खण. ते ताट बघितलं आणि बाई पाटावरून उठायला लागल्या.

"नीलिमा, अगं, असं काय करतेस! माझी ओटी? हे जाऊन एकोणीस वर्षं झाली. मला चालत नाही."

"मला चालतं," नीलिमा म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी फलक लावून अभिनंदन केलंय तुमचं. पदर पसरा, काकू."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी काट्याकडे बघत होतो. मग त्यांनी दोन्ही हातांनी पदर धरला. नीलिमानं हळदकुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाची ओंजळ भरून पदरात घातली. दुसरी घातली. तिसऱ्या ओंजळीला म्हणाली, "आणि तुमच्याजवळ आहे ते आठ किलो दोनशे. तेही यातच. ओटीतलं परत करत नाहीत, काकू."

बाई रडत होत्या आणि पदर सांडू नये म्हणून डोळेही पुसत नव्हत्या. मलाही रडू येत होतं आणि आपण नेमके कशासाठी रडतोय ते कळत नव्हतं, वजनासाठी, अण्णासाठी की एकोणीस वर्षांसाठी. मग बाईंनी रीतीप्रमाणे ओटीतले चार दाणे उचलून ताटात परत ठेवले, नीलिमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठल्या. मी हात द्यायला पुढं झालो.

"राहू द्या. मी उठते माझी," बाई म्हणाल्या आणि आपल्या घरी गेल्या.

मी काट्यावर उभा राहिलो. त्र्याऐंशी किलो आठशे चाळीस. चार दाण्यांचे चाळीस ग्रॅम परत आले होते.

मंगळवारी मिरजेला परिचारिकेनं तोच आकडा लिहिला. डॉक्टरांनी सही केली आणि ऑपरेशन गुरुवारी ठरलं. मी तिथंच दाखल केलेल्या अण्णाच्या खोलीत गेलो. तो पलंगावर बसून भिंतीकडे बघत होता. आयुष्यात त्यानं कोणाकडून काही घेतलं नव्हतं. पेढीवर दिवाळीला मिळणारी मिठाईसुद्धा तो शेजारीपाजारी वाटून मगच घरी यायचा.

"सदा," तो म्हणाला, "मी नाही म्हणून सांगणार आहे त्यांना."

"का?"

"तुला परत काय देऊ मी? हे असं घेऊन मी कुठं फेडू? झोप लागत नाही रे. तुझं तुझ्याजवळ राहू दे."

मला समजावता येत नाही. मला स्वतःलाच गेल्या चार महिन्यांतलं काही समजलेलं नव्हतं. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो.

"अण्णा, चादर पसर," मी म्हणालो.

"काय?"

"मांडीवर. दोन्ही हातांनी धर."

"कशाला?"

"मला माहीत नाही. पण अशीच रीत आहे."

अण्णानं माझ्याकडे बघितलं. त्याला काहीच कळलं नाही, हे दिसत होतं. मग त्यानं पायावरची हॉस्पिटलची पांढरी चादर वर ओढली, मांडीवर पसरली आणि तिची दोन्ही टोकं घट्ट धरून तो माझ्यासमोर बसून राहिला.