ज्याची त्याची फाइल निर्दोष

आमच्या कंपनीत कर्णयंत्रं तयार होतात आणि त्यांच्या आतला प्रोग्रॅम आम्ही लिहितो. त्या आठवड्यात प्रोग्रॅमच्या सगळ्या फायली आपापल्या जागी निर्दोष होत्या. एकत्र जोडायला घेतल्या की मात्र कंपायलर, म्हणजे आमचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, हातपाय ताठ करून बसायचा. निर्दोष माणसं एका खोलीत आली की काम अडतं, हे कंपनीला ठाऊक होतं. फायलींनीही हा गुण उचलल्यामुळे प्रकरण गंभीर झालं.

मला घोर होता तो माझ्या सासऱ्यांचा. यंत्राच्या चाचणीसाठी मी त्यांचं नाव दिलं होतं, आणि रविवारी त्यांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, यायच्या होत्या. गेलं वर्षभर बाबा फोनवर बहिणीच्या प्रत्येक वाक्याला "हो हो, छान" म्हणत आले होते. "जिन्यावरून पडले" यालासुद्धा. "सूनबाई, या खेपेला अक्काचं बोलणं मला नीट ऐकायचंय गं," ते म्हणाले, तेव्हा मला भरून आलं.

कंपायलरचं म्हणणं सरळ होतं. आमच्या चिपमध्ये गोंगाट गाळणारी काही अंगभूत फंक्शन्स, म्हणजे तयार आज्ञा, आहेत, ती फक्त त्याच जातीच्या चिपवर चालतात. आवाजाच्या फायलीला ती वापरण्याचा परवाना होता. पण शेवटी सगळं जोडताना लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन नावाची सोय वेग वाढवण्यासाठी फायलींमधल्या भिंती पाडते. त्या गडबडीत परवान्याचं फंक्शन बिनपरवान्याच्या फायलीत जाऊन बसलं, आणि कंपायलरने हरकत घेतली. जोडणीच्या आज्ञेतही तोच परवाना लिहिला की प्रश्न मिटत होता. एका शब्दाचं काम. पण जोडणीच्या आज्ञेला हात लावायची मुभा मला नव्हती.

"जोडणी कोणाकडे आहे?" मी विचारलं.

"आमची फाइल आमच्याकडे चालते," आवाज विभागाचे प्रमुख म्हणाले.

"चिपमध्ये दोष नाही, हे आम्ही लेखी देतो," चिप विभागाच्या बाई म्हणाल्या.

मॅनेजरसाहेबांनी चष्मा पुसला. "जोडणी ही प्रक्रिया आहे, विभाग नव्हे. आणि ज्या चुकीला विभाग नाही, ती चूक म्हणून नोंदवता येत नाही."

"पण साहेब, ती दिसतेय ना समोर!"

"दिसू दे. नोंद नाही."

नोंद नसलेल्या चुकीची दुरुस्ती करणं म्हणजे विनाकारण काम करणं, आणि ते नियमात बसत नव्हतं. म्हणून चूक न दुरुस्त करता घालवण्यासाठी समिती बसली. समितीने आधी ऑप्टिमायझेशन बंद केलं. भिंती पुन्हा उभ्या राहिल्या, शांतता झाली. मग कुणीतरी म्हणालं, एकाच जातीच्या चिपचे एवढे लाड कशाला? सबब अंगभूत फंक्शन्सही काढली आणि कुठल्याही चिपवर चालेल असा साधा कोड घातला. कंपायलरने एका दमात सगळं पास केलं. टाळ्या वाजल्या.

वेग मात्र गेला होता: आवाज आता कानात पोचायला दोन वाक्यांचा उशीर होत होता.

"शब्द सगळे आले?" तपासणी विभागाने विचारलं.

"आले."

"क्रम बरोबर?"

"बरोबर, पण उशिरा—"

"वेळ तपासायचं आमच्याकडे नाही." त्यांनी शिक्का मारला. जाहिरातवाल्यांनी त्याला 'निवांत श्रवण' असं नाव दिलं आणि किंमत वाढवली.

मी बाबांना म्हटलं, "थोडं थांबा, पुढची आवृत्ती येऊ दे."

"आवृत्ती येईल गं. अक्का परत कधी येणार?" ते म्हणाले आणि त्यांनी यंत्र कानात घातलं.

रविवारी आत्याबाईंनी लहानपणची एक गंमत सांगितली. बाबा ढिम्म. आत्याबाई मग आपल्या यजमानांच्या शेवटच्या दिवसांवर आल्या, आवाज कापायला लागला, आणि नेमकी तेव्हा ती गंमत बाबांच्या कानात पोचली. ते खदखदून हसले. आत्याबाई थांबल्या. थोड्या वेळाने बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि बहिणीचा हात धरला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी मी तरातरा साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे, बाबांनी यंत्र सुरू करताना मोबाइलवर दिलेली संमती काढून दाखवली. बऱ्याच आतल्या कलमात लिहिलं होतं, 'आवाज यथावकाश पोचेल.' खाली बटण होतं, 'मान्य आहे'. बाबांनी ते दाबलं होतं.

"साहेब, हे त्यांनी वाचलं नसणार!"

"कुणीच वाचत नाही," साहेब मायेने म्हणाले. "म्हणून तर मनमोकळेपणाने लिहिता येतं."

साहेबांचा तुम्हाला राग आला असेल. यायलाच हवा. फक्त आज सकाळी मोबाइलने विचारल्यावर तुम्ही काय काय मान्य केलंत, तेवढं जरा आठवून सांगा.