भागीरथीबाईंचा खोकला

करावे गावातल्या भागीरथीबाई पहिल्यांदा खोकल्या त्या सुनेच्या हातच्या कोलंबीच्या कालवणावर. भाविकाने मसाला कमी केला. दुसऱ्या दिवशी त्या वरणावर खोकल्या, तेव्हा तिने मिरची काढून टाकली. तिसऱ्या दिवशी त्या नुसत्या पाण्यावर खोकल्या, आणि पाण्यातून काढण्यासारखं काही नसल्यामुळे हा खोकला आपल्यालाच उद्देशून आहे, अशी भाविकाची खात्री झाली.

तसं वाटायला कारणही होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी सासूने तिच्या स्वयंपाकाला कधी वाईट म्हटलं नव्हतं, आणि चांगलंही. आपलं जेवण त्यांना जड जात असेल, म्हणून ती सगळं पातळ करत गेली. वरणात पाणी वाढलं, भाताची पेज झाली. खोकलाही वाढला. नवऱ्याला, रूपेशला सांगितलं, तर तो म्हणाला, आईचं वय झालं, मनावर घेऊ नकोस. तिने मनावर घेतलं आणि आपलं ताट आतल्या खोलीत नेलं. बाहेर भागीरथीबाई एकट्या जेवू लागल्या, मग अर्धंच जेवू लागल्या. जेवणानंतर त्यांचा आवाज घरघरायचा. तोही भाविकाला रुसव्याचाच वाटला. चार महिन्यांत त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

मग ताप आला. न्यूमोनिया निघाला. तो उतरल्यावर वाशीच्या डॉक्टरांनी त्यांना गिळण्याच्या तपासणीला पाठवलं. गिळण्याचीही तपासणी असते, हे रूपेशला नवीनच होतं.

तिथल्या नमिता मॅडमनी आधी जीभ पाहिली, मग गळ्यावर बोटं ठेवून चमचाभर पाणी दिलं. भागीरथीबाई खोकल्या. भाविकाने सवयीने मान खाली घातली. मग दाट दही दिलं. ते सरळ गेलं. कुस्करलेलं केळंही गेलं. शेवटी औषध मिसळलेलं पाणी पाजून एक्स-रेच्या पडद्यावर दाखवलं. श्वासनलिकेचं झाकण क्षणभर उशिरा मिटत होतं, आणि तेवढ्यात पाण्याची एक रेघ भलत्याच वाटेने खाली उतरत होती.

"घरी यांना काय देता?" मॅडमनी विचारलं.

"पातळ. त्रास नको म्हणून सगळं पातळच करते."

"पातळच यांना सोसत नाही. दाट द्यायला हवं होतं."

पुढचं भाविकाला नीट ऐकूच आलं नाही. रूपेशने लिहून घेतलं: ताठ बसायचं, हनुवटी खाली घ्यायची, प्रत्येक घास दोनदा गिळायचा, तोंडात घास असताना एक शब्द बोलायचा नाही, आणि समोर कुणीतरी बसायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाविका समोर बसली. ताटात घट्ट वरणात कालवलेला मऊ भात होता. सासूची गालफडं किती बसली आहेत, हे तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जवळून पाहिलं.

"आई, चार महिने तुमाला एकटं जेवायला लावलं मी. मला वाटलं, तुमी मुद्दाम खोकता."

भागीरथीबाईंच्या तोंडात घास होता. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. हनुवटी खाली घेतली. एकदा गिळलं, पुन्हा गिळलं. आवाज स्वच्छ निघाला.

"मना पन सांगाचा हाय. मना वाटला, तूच माज्या कालवनान कायतरी टाकतस."

भाविकाला राग यायला हवा होता, पण आला नाही. खोकला ऐकून आपण आत जाऊन बसलो, आणि या बाहेर भीत भीत जेवत होत्या, एवढंच तिच्या मनात आलं. मग एकदम तिला आठवलं, की गेला महिनाभर शेजारच्या जयमालाकाकी आपल्याकडे चहा घेत नाहीत. समोरच्या राजश्रीनेही परवा लाडू हातात घेतला आणि पिशवीत टाकला.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे तुमी कोणाला बोललात तर नाय ना?"

भागीरथीबाईंनी चमचा काठोकाठ भरला, तोंडात घातला आणि हनुवटी खाली घेऊन सावकाश चावायला सुरुवात केली.