गुलाबी गंजीफ्रॉक

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही, पैज लावतो. सांगून पाहिली आहे. उधन्याच्या न्हाव्याला सांगितली, तर त्याने अर्धी दाढी तशीच ठेवून वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, "काका, दुसरं दुकान बघा." पण डिंडोलीत सुकलालच्याच ओट्यावर बसून, सुकलालच्याच घरचा चहा पीत सुकलालबद्दल खोटं बोलेल, इतका निर्लज्ज माणूस अजून जन्मायचा आहे. तेव्हा ऐका.

"निंबाआप्पा, मागच्या वेळी तुम्ही शेठला हत्तीवर बसवलं होतं," सुकलालची मुलगी योगिता म्हणाली.

"या वेळी हत्ती नाही. या वेळी नुसता कॉम्प्युटर आहे."

तर नव्व्याण्णव साल नुकतंच लागलं होतं. सुकलाल सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत, रमणीकशेठच्या साडीच्या कारखान्यात, घडी खात्यात कामाला. त्याने घातलेली घडी अमेरिकेत जाऊन उघडली तरी काठाला काठ जुळलेला असायचा. त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्या घडीवर घर चालायचं आणि योगिताची दहावीही.

दिवाळीला शेठने मिठाईऐवजी प्रत्येक कामगाराला एकेक लाल साडी दिली होती. खोक्यावर शिक्का, 'पक्का रंग'. प्रमिलाबाई, म्हणजे सुकलालची बायको, ती पाडव्याला नेसल्या, आणि संक्रांतीला पुन्हा नेसायची म्हणून आदल्या दिवशी त्यांनी ती बादलीत भिजवली. बादलीत सुकलालचे पांढरे गंजीफ्रॉक होते. शिवाय शेजारच्या एका सज्जन माणसाचे दोन कपडेही होते. बिचारा एकटा राहायचा, प्रमिलाबाई माणुसकीने त्याचं धुणं काढायच्या. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासाने बादलीत पाहिलं तर पाणी लाल, साडी पांढरट आणि बाकी सगळं गुलाबी.

"हाई काय करं तू?" सुकलालने विचारलं.

"मी नही करं. तुमना शेठनी करं."

दुसरा गंजीफ्रॉक नव्हता. सुकलाल गुलाबी घालून कामावर गेला आणि खात्यात दिवसभर नवरदेव झाला.

आता त्याच आठवड्यात प्रमिलाबाईंच्या भाच्याने, वाल्मिकने, आपल्या एसटीडीच्या बूथमध्ये फोनच्या शेजारी कॉम्प्युटर आणून बसवला होता. डिंडोलीतला पहिला. घरात नवी वस्तू आली आणि तिला हळदीकुंकू लागलं नाही, असं कसं चालेल? संक्रांतीच्या दुपारी गल्लीतल्या बायका वाण घेऊन बूथवर गेल्या. उषाबाईंनी पडद्याला बोटभर कुंकू लावलं, तिळगूळ ठेवायला जागा नव्हती म्हणून तो बटणांवर ठेवला.

"मावशी, याच्यात काहीही लिहा, जगभर दिसतं," वाल्मिक म्हणाला. "तुमच्या शेठची पण जागा आहे. वर साड्यांचे फोटो, अन् खाली ज्याला जे वाटेल ते लिहायची सोय. नाव द्यायचं काम नाही. कोण बोललं ते कोणालाच कळत नाही."

"शेठलेबी नही?"

"शेठच्या बापालाही नाही."

प्रमिलाबाई पदर खोचून खुर्चीत बसल्या. "मंग लिख. मी बोलसू ते सगळं लिख. शेठजी, तुमच्या साडीचा रंग पक्का नाही. ती पाण्यात टाकली की पाणी लाल होतं अन् साडी पांढरी. आमच्या घरातला गंजीफ्रॉक गुलाबी झाला. खोटा शिक्का मारत जाऊ नका. बस. अन् मी कोन ते लिखू नको."

वाल्मिक मान खाली घालून इंग्रजी अक्षरांत मराठी बडवत होता. प्रमिलाबाई उठायला लागल्या, तर उषाबाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "अशी कशी उठस वं? हळदीकुंकू शे. नाव घे, मंग वाण ले."

हे मात्र बरोबर होतं. प्रमिलाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, घसा साफ केला आणि म्हणाल्या,

"रंग उडाला साडीचा, कोरा राहिला काठ,
सुकलालरावांच्या गंजीफ्रॉकाची लागली पुरी वाट."

बायका खूश झाल्या. वाल्मिकनेही ते टाइप केलं, कारण मावशी बोलेल ते सगळं लिहायचं, असं ठरलं होतं. मग त्याने तिळगूळ बाजूला करून बटण दाबलं.

"थांबा आप्पा," योगिता म्हणाली, "वाल्मिकदादाला कळलं नाही?"

"पोरी, टाइप करणारा वाचत नाही. वाचणारा वेगळा असतो."

वाचणारा म्हणजे शेठचा मुनीम. शेठची ती जागा अमेरिकेतल्या जावईबापूंनी करून दिली होती, आणि तोवर आलेले सगळे अभिप्रायही जावईबापूंचेच होते. त्यामुळे परका अभिप्राय आला म्हटल्यावर शेठने केबिनमध्ये पेढे मागवले. भाषा मराठी दिसली, तेव्हा अर्थ सांगायला घडी खात्यातला सगळ्यात भरवशाचा माणूस बोलावला. सुकलाल.

"सुकलाल, आ शुं लखेलुं छे? समझाव."

मुनीम अक्षर लावत वाचू लागला. "गं-जी-फ्रॉक गु-ला-बी."

सुकलालचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. "किसी का कपडा खराब हुआ है, शेठ. ऐसा लिखा है."

"किसका?"

"वो नाम नहीं लिखा," सुकलाल म्हणाला, आणि मनातल्या मनात त्याने वाल्मिकला आशीर्वाद दिला.

"एक मिनट," मुनीम म्हणाला, "नीचे कविता भी है." आणि तो गोड आवाजात वाचू लागला. "रंग उ-डा-ला... सु-क-लाल-रा-वां..."

शेठने पेढ्याचा डबा बंद केला.

"सुकलाल, शर्ट खोल."

सुकलालने शर्ट उघडला. शेठने पाहिलं, मुनिमाने पाहिलं. "जावई ने अमेरिका में बैठ के पढा होगा," शेठ म्हणाला. "कल से मत आना."

घरी आल्यावर सुकलाल ओट्यावर बसला. हाच ओटा. मग म्हणाला, "माझं नाव कसाले लिखं?"

"मी नही लिखं. बिननावनंच लिखेल व्हतं."

"अन् खाले?"

"खाले ते नाव घेवाच लागस. हळदीकुंकू व्हतं ना."

पुढचे दिवस तो इच्छापोरला कारखान्यांच्या गेटोगेट फिरला. तिथे लोखंड वाकवणारे हवे होते, आणि लोखंडाची घडी त्याला येत नव्हती. योगिताने शिकवणी बंद करते म्हटलं. त्या संध्याकाळी प्रमिलाबाईंनी तव्यावरची भाकरी करपू दिली, ती त्यांच्या हातून पहिल्यांदाच करपली असेल. मग त्या उठल्या आणि थेट उषाबाईंच्या दारात गेल्या.

"ह्यास्नं एकलासनं नाव लिधं, म्हणीसन काढं ना? मंग समदास्नं लेऊत."

दुसऱ्या दिवशी आपापल्या नवऱ्याचं नाव घ्यायला वाल्मिकच्या बूथबाहेर बायकांची रांग. दिवाळीची साडी सगळ्यांना मिळालेली, धुणं सगळ्यांचं बिघडलेलं. गावी फोन लावायला आलेले लोक पावती हातात धरून उभे, कारण फोनची लाईन कॉम्प्युटरने अडवलेली. एक जण म्हणाला, मला सासरा वारल्याचं कळवायचंय. बायकांनी त्याला तिळगूळ देऊन बसवलं. उषाबाई खुर्चीत बसल्या, शेठला दोन शब्द सुनावले आणि पदर घेऊन म्हणाल्या,

"एका धुण्यातच साडीने सोडला आपला रंग,
गुलाबी लेंगा घालून बसले माझे पांडुरंग."

सगळ्या जणी तशाच. घडी खातं, पॅकिंग खातं, गेटवरचा वॉचमन, शेठच्या गाडीचा ड्रायव्हर. सगळ्यांची नावं यमकात बसली, न बसली ती बसवली.

मुनीम तत्त्वाचा माणूस होता. सकाळी सगळं वाचून तो म्हणाला, "शेठ, सुकलाल के हिसाब से तो सब को निकालना पडेगा."

शेठ शब्दाचा माणूस होता. "निकालो."

दुपारी अमेरिकेचा माल निघायचा होता. गेटवर टेम्पो उभा, साड्यांचे ढीग छताला लागलेले आणि घडी खात्यात उरला एकच माणूस, ज्याचं नाव घ्यायला घरात कोणी नव्हतं. मघाचाच तो सज्जन शेजारी. तो मनापासून घडी घालायचा, पण साडी घडीत यायची नाही, तिची उशी व्हायची. शेठने त्याला साडी घेऊन केबिनमध्ये बोलावलं.

इथे चहाचा कप कलंडला. प्रमिलाबाई आतून फडकं घेऊन आल्या आणि ओटा पुसू लागल्या. गोष्ट रंगात आली होती, तेव्हा थांबण्याचा प्रश्न नव्हता.

तर केबिनमध्ये दोघंच. शेठ आणि तो सज्जन. शेठने त्याच्या हातातली साडी पाहिली, बराच वेळ पाहिली. मग त्याने स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण काढलं. मग त्याखालचं. आत गंजीफ्रॉक. आणि देवाशपथ सांगतो, गुलाबी. शेठाणीलाही दिवाळीला तीच साडी मिळाली होती. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुकलाल सही था," तो म्हणाला. "सब को वापस बुलाओ. और सुकलाल की घरवाली को बोलो, आज से हर नया रंग पहले उसकी बादली में जाएगा."

आणि बादली ही काय, समोर आहे. आत शेठच्या कारखान्यातला हिरवा नमुना भिजतोय. पाणी अजून स्वच्छ आहे. सुकलाल संध्याकाळी कामावरून आला की नमुना काढून उद्या घेऊन जाईल, योगिता कॉलेजला आहे. आता बोला, खोटं आहे का यात काही?

प्रमिलाबाईंनी पुसायचं थांबवलं.

"भाऊजी, ह्यास्ले परत लिधं ते खरं. बादली खरी. पण शेठनी बलावं ते तुमनी घडी देखीसन. टेम्पोवाला हासता हासता खाले बसना, तो माले सोता सांगे." मग त्यांनी हातातलं फडकं उजेडात धरलं. गळा, दोन बाह्या, मध्ये भोक आणि गुलाबी रंग अजून टिकून होता. "अन् शेठना गंजीफ्रॉक कोणी देखा? गुलाबी व्हता तो हाऊ. हाऊ तुमना."