धुतलेली कोंबडी

मेसच्या नळाखाली चिकनचा एकेक पीस चोळून धुणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा रूममेट भागवत. मेसच्या अक्कांनी सकाळपासून कांदा-खोबरं भाजून केलेला काळा मसाला, वर बोटभर तर्री, आणि हा महाभाग ती सगळी तर्री जळगावच्या गटारीला पाजत होता.

मी धुळ्याचा. आमच्याकडे ताटाबाहेर तर्री सांडली तर माणूस भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतो. "हाई काय करी ऱ्हायना रे तू?" माझ्या तोंडून निघालंच. त्यानं पांढराफटक पडलेला पीस उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाला, "तेल काढतोय."

अक्का झारा घेऊन बाहेर आल्या. "माझ्या मसाल्यानं तुझं काय घोडं मारलं रे?"

"अक्का, भावनेत बोलू नका. ग्रॅममध्ये बोला."

हे त्याचं पालुपद. भूक लागली म्हटलं की विचारायचा, "किती ग्रॅमची?" आमच्या वर्गातल्या एकाचं लग्न ठरता ठरता मोडलं, तो रूमवर येऊन रडला, तर भागवतनं त्याला विचारलं, "जेवण किती ग्रॅमनं कमी झालं?" जळगावात लोक सोनं तोलायला काटा घेतात. यानं एका सराफानं मोडीत काढलेला काटा कोंबडी तोलायला आणला होता.

आता घरून येणाऱ्या पैशांत रोज बोनलेस खायचं म्हणजे चैनच. पण गडी पक्का. मेसमध्ये रविवारी तंगडीवर पोरं जीव टाकतात आणि छातीचा पीस कोरडा म्हणून कुणी विचारत नाही. भागवत आपली तंगडी उंच धरून भाव पुकारायचा, "एक तंगडी, दोन छाती!" सौदा झाला की दोन्ही पीस नळाखाली. इतर दिवशी चिकनवाल्याकडे दुपारी जायचा. तोवर हॉटेलवाले तंगड्या उचलून गेलेले असत, उरलेली छाती तो याला स्वस्तात टाकायचा. मग ती छोट्या कुकरात उकडायची. तिखट नाही, हळद नाही, मीठसुद्धा नाही. खोलीला दवाखान्यासारखा वास. मी एकदा चव घेऊन पाहिली. वही चावल्यासारखं वाटलं.

एवढं करून कमाई काय? दंडावर एक बेटकुळी, तीही दाखवेपर्यंत पळून जाणारी. जिमला पैसे नव्हते म्हणून वाळूचं अर्धं पोतं उजव्या खांद्यावर घेऊन हा गच्चीचे जिने चढायचा-उतरायचा. "अरे, लोक छाती कमावतात, दंड कमावतात. तू खांदा कसला कमावतो? हमाल व्हायचंय का?" मी म्हणायचो. तो पायऱ्या मोजत राहायचा.

या सगळ्यात एक मोठी भानगड होती. भागवतचं घर माळकरी. मुक्ताईनगरच्या पुढचं गाव, केळीची शेती, वडिलांच्या म्हणजे आबांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा एकादशीला बाहेर. आबांना हे कळलं तर आपण त्यांच्या नजरेतून उतरलो, ही एकच भीती त्याला होती. परीक्षेला तो एवढा घाबरत नसे.

आणि घरचा डबा तर रविवार सोडून रोज यायचा. आमच्या भागात अर्ध्या विद्यार्थ्यांचं पोट एसटीवर चालतं. आई सकाळी डबा कंडक्टरकडे देते, पोरगं स्टँडवर जाऊन घेतं, संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. भागवतच्या डब्यावर लाल रंगात आबांचं नाव होतं. त्या डब्याला कोंबडीचा वारा लागू नये म्हणून तो वेगळ्या खुंटीवर. कोंबडी खाल्ली की हा साबणानं कोपरापर्यंत हात धुणार, शर्ट बदलणार, आणि मग भिंतीकडे तोंड करून घरचं भरीत खाणार. पाप त्याला लागलं तरी चालेल, डब्याला लागता कामा नये, असा त्याचा हिशोबी धर्म. मी यथेच्छ टिंगल करायचो.

ती टिंगल माझ्याच अंगाशी आली. एका दुपारी तो उकडलेली कोंबडी ताटलीत निववत ठेवून प्रॅक्टिकलला गेला. घरमालकांची मांजर खिडकीत येऊन बसली. मी आडवा पडलेलो. कुकर खरकटा होता, म्हणून हाताला लागला तो धुतलेला डबा घेतला, पीस आत टाकले, झाकण लावलं, डबा खुंटीला अडकवला आणि झोपलो. एवढी अक्कल माझी.

मला जाग आली तेव्हा भागवत स्टँडवरून परत येऊन ताटलीकडे बघत होता.

"कोंबडी?"

"डब्यात ठेवली. मांजर आली होती."

"कोणत्या डब्यात?"

मी खुंटीकडे बोट केलं. खुंटी रिकामी. पाच ग्रॅमचा फरक नजरेनं ओळखणाऱ्या माणसाला घाईत डबा जड लागला नव्हता, आणि गाडी सुटून अर्धा तास झाला होता.

मला वाटलं, आता हा मला धरून हाणणार. त्यानं घरी फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. तीनदा तसंच. "काय सांगू? डबा उघडू नका म्हणू? मग तर उघडतीलच." मग खाली बसला आणि एवढंच म्हणाला, "तू खाल्ली असती तर बरं झालं असतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी डबा कंडक्टरबरोबर आला नाही. आबा स्वतः घेऊन आले. वाळक्या काठीसारखं अंग, कपाळाला गंध. पिशवी डाव्या हातानं खांद्यावरून उतरवली, माझ्या नमस्काराला डावाच हात वर केला. मी म्हटलं, "आबा, चूक माझी. डब्यात मी टाकली."

"टाकली तुम्ही. खात कोन होतं?"

भागवत म्हणाला, "मी. दीड वर्षापासून."

"काऊन?"

ग्रॅममध्ये बोलणारा भागवत जमिनीकडे बघत म्हणाला, "मागच्या कापणीत चौदावा घड माझ्याकडून उचलला गेला नाही. बांधावरच बसलो. माझ्या वाट्याचे सगळे तुम्ही वाहिले. तेव्हापासून तुमचा उजवा हात वर जात नाही. औंदा मला वाहायचे आहेत. तुमचेसुद्धा."

पंचवीस-पंचवीस किलोचे घड, शेतापासून ट्रकपर्यंत, खांद्यावर. मी वाळूच्या पोत्याकडे पाहिलं आणि हमाल हा माझा शब्द आठवून मान खाली घातली.

आबांनी माळेचे मणी चाचपले. मग पिशवीतून जुना डबा काढला. राखेनं घासून निखाऱ्यावर धरलेला, लाल रंगातलं नाव जळून काळं झालेलं. त्याच्याशेजारी एक नवा कोरा डबा ठेवला, नाव नसलेला. "हा त्या कोंबडीसाठी. तुझ्या आईनं घेतला. गल्लत नको करू आता."

"आई रागावली?"

"रडली. पोरगं बिनतिखटाचं खातं म्हणून." आबा उठले. "कुत्र्याले टाकली ती कोंबडी. त्यानंबी मिठासाठी माझ्याकडे पाह्यलं."

जाताना त्यांनी डावा हात भागवतच्या उजव्या खांद्यावर ठेवला, जरा दाबून पाहिला, आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेले.

नवा डबा आम्ही उघडला. आत काळ्या मसाल्याची पुडी होती. कोंबडीला कधी हात न लावलेल्या बाईनं कोंबडीसाठी भाजलेला मसाला. त्या दुपारी भागवतनं पहिल्यांदा फोडणी दिली. तेल ओतलं, पुडी अख्खी उपडी केली. खोलीभर ठसका. काटा कोपऱ्यात तसाच पडून होता.

आम्ही दोघं एकाच ताटात बसलो. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणून मी सवयीनं छेडलं, "किती ग्रॅम टाकला रे मसाला?"

"गप जेव," तो म्हणाला, आणि ताटातली तर्री भाकरीनं पुसून घेतली.