हैबतरावांचं पुढचं लॉक

"यंदा ओढा पार करणार म्हंजे करणार! आणि तेही अंगाला चिखलाचा ठिपका न लागता!"

अष्टमी गावच्या बाजारात हैबतरावांनी ही घोषणा केली, तेव्हा ऐकायला फक्त विमलबाई होत्या. त्या मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या.

ओढा म्हणजे विमलबाईंच्या माहेरचा, गागोद्याकडच्या वाडीला जाताना आडवा येतो तो. चोवीस वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवाळीला, नवाकोरा जावई स्कूटरसकट त्यात रुतला होता. मेहुण्यानं, बाबाजीनं, बैल जुंपून स्कूटर बाहेर काढली, आणि त्या दिवसापासून हैबतरावांचं नाव पडलं चिखलजावई! माणूस कंपनीत शिफ्टा करून करून फोरमन झाला, निवृत्त झाला, सत्कार झाला. पण वाडीत शिरला की दारोदारच्या म्हाताऱ्या हाक देणार, "चिखलजावई आले गो!"

एरवी हैबतरावांनी तेही गिळलं असतं. पण यंदा पोपटीला पेणहून लेकीचे, मालूचे, होणारे सासरे, कमळाकरराव, वाडीवर यायचे होते. वालाच्या शेंगांचं मडकं भाजायचं, सगळ्यांनी मिळून खायचं आणि लेकीच्या लग्नाची तारीख तिथंच ठरवायची, असा बेत होता. आता व्याह्यांच्या कानावर ते नाव पडलं तर? लेक जन्मभर चिखलजावयाची मुलगी! नुसत्या विचारानं हैबतरावांची झोप उडाली.

म्हणून त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि वडखळला जगन मेकॅनिकच्या दारात नेऊन उभी केली. जीप चारही चाकांनी ओढणारी. पण अशा गाडीचंसुद्धा एक चाक चिखलात नुसतं गरगरायला लागलं की सगळी ताकद त्यालाच जाते, आणि शेजारचं चाक ढिम्म बसून राहतं. त्यावर उपाय लॉकचा. बटण दाबलं की जोडीतली दोन्ही चाकं बरोबरीनं फिरणार. लॉक पुढच्या जोडीला बसतं, तसं मागच्याही. हैबतरावांची दोन्हीला तयारी होती, पण विमलबाईंची परवानगी एकाचीच होती.

"मागचं बसवा," जगन म्हणाला. "चढावर वजन मागं येतं."

"जगन, बैल गाडीच्या पुढं जुंपतात की मागं?"

"पुढं."

"मग संपलं! पुढचं बसव!"

"अहो, बैलाला मान वळवता येते! पुढच्या चाकांना लॉक लागलं की स्टेअरिंग वळता वळत नाय. ओढ्यातून वर आलात, कडक जमीन लागली, की पयलं बटण बंद करा. ध्यानात राहील ना?"

"मी फोरमन होतो!" हैबतराव म्हणाले. जगननं पुढचं लॉक बसवलं.

पोपटीच्या दिवशी उन्हं उतरताना जीप ओढ्याशी आली. पलीकडे बाबाजीचं खळं, खळ्यात अख्खी वाडी, आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर कमळाकरराव. हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला, बटण दाबलं आणि गाडी ओढ्यात घातली. आणि काय सांगू! जीप पाणी कापत गेली, चिखल तुडवत गेली आणि समोरचा उभा काठ चढून थेट खळ्याच्या तोंडाशी आली! टाळ्या पडल्या. "व्वा दाजी!" बाबाजी ओरडला. हैबतरावांचा ऊर भरून आला. चोवीस वर्षांनी त्या काठावर कोणी त्यांना हसत नव्हतं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि सगळ्यांना रामराम घातला.

"अहो, ते बटण..." विमलबाई म्हणाल्या.

"थांब गो, लोक बघतायत!"

खळ्यात शिरून डावीकडे वळायचं होतं. हैबतरावांनी स्टेअरिंग वळवलं. जीप सरळ चालली. त्यांनी आणखी वळवलं. जीप सरळच! अगदी सावकाश, वरातीच्या चालीनं ती कमळाकररावांकडे निघाली. दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढायचं तर जोर हवा, म्हणून हैबतरावांनी पाय रोवला. पाय होता अ‍ॅक्सिलेटरवर!

"व्याही, उठा!" बाबाजी किंचाळला. कमळाकरराव उठले, खुर्ची राहिली. तिची भाकरी करून जीप पुढं गेली आणि खळ्याच्या कडेच्या शेणखताच्या खड्ड्यात बॉनेटपर्यंत शिरून थांबली.

हैबतरावांनी मागं घ्यायची खटपट केली. पुढची दोन्ही चाकं इमानेइतबारे बरोबरीनं फिरली आणि आणखी खोल गेली, आणि उघड्या खिडकीतून शेण थेट हैबतरावांच्या अंगावर उडालं. मागचं एक चाक अधांतरी भुर्र फिरत राहिलं, दुसरं काठावर नुसतं टेकून होतं.

मग सासूबाई, काशीबाई, काठी टेकत पुढं आल्या. त्यांनी जावयाला कपाळापासून सदऱ्यापर्यंत नीट न्याहाळलं.

"चिखल बरा होता, जावयबापू," त्या म्हणाल्या.

झालं! पहिले हसले ते कमळाकरराव. असे हसले, की डोळे पुसायला त्यांना उपरणं लागलं. "विमलताई," ते म्हणाले, "तारीख आजच काढून टाका. असा व्याही मला परत गावायचा नाय!"

विमलबाईंचा जीव भांड्यात पडला. लेकीचं लग्न ठरलं. हैबतरावांना मात्र हसावं की खड्ड्यातच राहावं, ते कळेना. तेवढ्यात बाबाजी बैलांची जोडी आणि ओढायला जाड दोराचा सोल घेऊन आला. चोवीस वर्षांपूर्वी होता, तसाच चेहरा!

"दाजी," त्यानं अगदी आदबीनं विचारलं, "बैल कुठं जुंपू? पुढं ना?"

हैबतरावांनी समोर पाहिलं. काचेला शेण लागलं होतं.

"मागं जुंप," ते म्हणाले.